दोष कार्बोरेटरचा, की आणखी कुणाचा?

जुन्या मोटारींची रॅली पाहायला गेलेल्यांची नजर प्रथम रंगावर आणि चकचकीत बंपरवर जाते. जाणकाराचा कान मात्र उभ्या गाडीच्या इंजिनाकडे लागलेला असतो. वेगात धावणारे इंजिन आपले अनेक दोष झाकू शकते. न्यूट्रलमध्ये, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना चालणाऱ्या इंजिनाला ती सोय नसते. मध्येच एखादा ठोका चुकतो, गिअरचा दांडा थरथरू लागतो, आरपीएमचा काटा वरखाली होतो आणि सिग्नलला गाडी बंद पडते. 'गाडी मिसिंग करते' किंवा 'आयडलिंग धरत नाही' हे या दुखण्याचे गॅरेजमधील नाव.

त्यावरचा सर्वांत सोपा उपायही ठरलेला आहे. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून रेस थोडी वाढवून द्यायची. इंजिन बंद पडायचे थांबते, मालक समाधानाने घरी जातो. दोष मात्र जागच्या जागी राहतो. तो जर नीट न मिटणाऱ्या एक्झॉस्ट वॉल्व्हचा असेल, तर काही महिन्यांनी वॉल्व्ह जळतो, हेड उतरवावे लागते आणि पाव मिलिमीटरच्या फटीचा प्रश्न मोठ्या खर्चाचा होऊन बसतो. म्हणून विषम आयडलिंगकडे निव्वळ गैरसोय म्हणून न पाहता लक्षण म्हणून पाहायला हवे. लक्षणावरून रोगापर्यंत पोहोचण्याचा एक क्रम आहे, आणि त्या क्रमात कार्बोरेटरचा नंबर शेवटचा लागतो.

उदाहरण एमजीबीचे

हा क्रम समजून घेण्यासाठी ब्रिटनच्या एमजीबी या स्पोर्ट्स कारइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात ती तयार झाली. संबंधित मॉडेल्स धरून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतील पुष्कळशा आजही जगभर धावत आहेत. इंजिन चार सिलिंडरचे, १,७९८ सीसीचे. त्याला शेजारी शेजारी बसवलेले दोन 'एसयू' कार्बोरेटर. (अमेरिकेसाठी बनलेल्या नंतरच्या गाड्यांना दोनाऐवजी एकच, वेगळ्या बनावटीचा कार्बोरेटर होता. येथील विवेचन दोन एसयू असलेल्या गाड्यांविषयी आहे.)

हे इंजिन भारतीय वाचकाला वाटते तितके परके नाही. 'बी सिरीज' नावाच्या ज्या इंजिन-कुळातील ते आहे, त्याच कुळातील १,४८९ सीसीच्या इंजिनावर आपली ॲम्बेसेडर अनेक वर्षे धावली. एमजीबीच्या आधीच्या, १९५५ मध्ये आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारलाही सुरुवातीला याच क्षमतेचे इंजिन होते. ॲम्बेसेडरचे टॅपेट ज्याने सेट केले आहेत, त्या मेकॅनिकला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर ओळखीचा चेहरा दिसल्यासारखे वाटेल.

मंद गतीलाच दोष का दिसतो?

आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असते. इंजिनात जाणारी हवा अगदी थोडी असते. अशा वेळी एखाद्या फाटक्या नळीतून किंवा सैल गॅस्केटमधून थोडी जादा हवा आत शिरली, तरी एकूण हवेत तिचा वाटा मोठा ठरतो आणि मिश्रण पातळ होते. महामार्गावर थ्रॉटल उघडल्यावर तेवढीच गळती नगण्य असते. ठिणगीचेही तसेच. मंद गतीत सिलिंडरमध्ये जळून गेलेल्या वायूचा अंश तुलनेने जास्त उरतो. त्यात विरळ मिश्रण पेटवायला ठिणगी जोरकस आणि वेळेवर लागते.

शिवाय गतीचा आधार नसतो. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. एक सिलिंडर गळाला, तर सेकंदाला सहा-सात वेळा इंजिनाला हिसका बसतो. तोच हिसका गिअरच्या दांड्यावर हाताला जाणवतो.

मात्र प्रत्येक विषम आयडलिंग हा दोष नसतो. पूर्वीच्या मालकाने शर्यतीसाठीचा कॅमशाफ्ट बसवला असेल, तर इंजिन मंद गतीत लंगडत चालणारच. त्यामुळे गाडीचा इतिहास विचारणे ही तपासणीची पहिली पायरी होय. आयडल गतीबाबतही आग्रह धरू नये. कारखान्याच्या पुस्तिकेत आरंभीच्या इंजिनांसाठी मिनिटाला ५०० फेऱ्या दिल्या होत्या. आजचे बहुतेक मालक ७०० ते ८०० ठेवतात आणि ते वावगे नाही.

आधी सिलिंडर शोधा

इंजिन नेहमीच्या तापमानापर्यंत गरम झाल्यावर एकेका प्लगची वायर क्रमाने काढून पाहावी. ठीक चालणाऱ्या सिलिंडरची वायर काढताच आरपीएम स्पष्टपणे उतरतो. ज्याची वायर काढूनही काही फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळातच काम करत नव्हता. वायर धरण्यासाठी इन्सुलेशन असलेली पकड वापरावी, अन्यथा जोरदार झटका बसतो. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले असेल, तर वायर मोकळी न ठेवता जादा प्लग लावून तो इंजिनाच्या धातूला टेकवावा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भागाला इजा होत नाही. हे सारे काम उघड्यावर करावे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवणे जिवावर बेतू शकते.

येथे बी सिरीज इंजिनाची रचना फार उपयोगी पडते. चार सिलिंडरना हवा घेण्याच्या वाटा दोनच आहेत. पुढचा कार्बोरेटर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरला मिळून एका वाटेने मिश्रण पुरवतो, मागचा तिसऱ्या आणि चौथ्याला. त्यामुळे कोणते सिलिंडर अशक्त आहेत, यावरून दोषाचा पत्ता बराचसा कळतो.

पहिला आणि दुसरा मिळून अशक्त असतील, तर पुढच्या कार्बोरेटरकडे किंवा त्याच्या गॅस्केटकडे पाहावे. तिसरा आणि चौथा असतील, तर मागच्याकडे. एकटाच सिलिंडर अशक्त असेल, तर कार्बोरेटर बहुधा निर्दोष असतो, कारण त्याच कार्बोरेटरवरचा जोडीदार व्यवस्थित चालतो आहे. तेव्हा प्लग, वायर किंवा वॉल्व्ह तपासावा. मधले दोन, म्हणजे दुसरा आणि तिसरा अशक्त असतील, तर त्यांच्यामधल्या जागी हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. या इंजिनात ती जागा त्यासाठी प्रसिद्धच आहे. आणि चुकणारा ठोका कधी या, तर कधी त्या सिलिंडरचा असेल, तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या भागात असतो. पॉइंट, कंडेन्सर, अर्थची वायर किंवा दोन्ही वाटांना जोडणाऱ्या नळीवरील गळती यांचा त्यात समावेश होतो.

दहा मिनिटांच्या या एका चाचणीने निम्मे काम होते. ती न करता कार्बोरेटर खोलणे म्हणजे नाडी न पाहता शस्त्रक्रियेला बसणे.

टॅपेट वाजत नाही, म्हणजे सारे ठीक?

यानंतर कॉम्प्रेशन. गरम इंजिनाचे चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून, चार्ज असलेल्या बॅटरीवर स्टार्टर फिरवावा. निरोगी इंजिनात दाब दर चौरस इंचाला सुमारे १६० पौंडांच्या आसपास असतो. आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधील सारखेपणा महत्त्वाचा. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालून जातो. एखाद्यात दाब कमी भरला, तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत. वाढला नाही तर हवा वॉल्व्हमधून किंवा गॅस्केटमधून निसटते आहे. शेजारच्या दोघांत दाब सारखाच कमी असेल, तर गॅस्केट.

पण हेड उतरवण्यापूर्वी टॅपेट पाहावेत. थंड इंजिनावर ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर फट अपेक्षित आहे. आठ वॉल्व्हच्या या इंजिनासाठी मेकॅनिकांचा एक सुटसुटीत नियम आहे. दोन आकड्यांची बेरीज नऊ व्हावी. पहिला वॉल्व्ह पूर्ण उघडा असताना आठवा सेट करायचा, तिसरा उघडा असताना सहावा, आणि याप्रमाणे पुढे.

सैल टॅपेट टकटक वाजतो, म्हणून तो लक्षात येतो. घट्ट टॅपेट मात्र आवाज करत नाही, उलट इंजिन अधिक शांत वाटते. फट संपली की वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मिटलेल्या वॉल्व्हची उष्णता त्याच्या बैठकीतून हेडमध्ये जाते. न मिटलेल्याला ती वाट बंद होते आणि एक्झॉस्टच्या ज्वाळेत त्याची कड जळू लागते. मंद गतीतला नियमित अंतराने चुकणारा ठोका ही या जळण्याची पहिली सूचना असू शकते. नेमक्या याच टप्प्यावर रेस वाढवून दिली, तर सूचना ऐकूच येत नाही.

जुन्या गाड्यांत हा धोका वाढण्याचे एक कारण पेट्रोलमध्ये आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शिशाचा पातळ थर वॉल्व्हच्या बैठकीला संरक्षण देत असे. भारतात आणि ब्रिटनमध्येही २००० पासून शिसेविरहित पेट्रोलच सर्वत्र मिळू लागले. ज्या इंजिनात कठीण धातूच्या बैठका नंतर बसवलेल्या नाहीत, तेथे मुळच्या बिडाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्व्ह, विशेषतः सततच्या वेगवान प्रवासात, हळूहळू खोल रुतत जातो आणि टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते.

कार्बोरेटरचा दोष वायरीत

यांत्रिक बाजू ठीक निघाली की इग्निशन. जुन्या मेकॅनिकांमध्ये असे म्हटले जाते, की कार्बोरेटरचे निम्म्याहून अधिक दोष इग्निशनमध्ये सापडतात. यातील थट्टा वगळली तरी तथ्य उरते.

प्लग काढून त्यांचा रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर उत्तम, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर मिश्रण पातळ, तेलकट असेल तर ऑइल वर चढते आहे. प्लगची फट ०.०२५ इंच, पॉइंटची ०.०१५ इंच. वायरींचा क्रम १-३-४-२. डिस्ट्रिब्युटरचे झाकण उजेडात धरून त्यावर केसासारखी बारीक तडा आहे का, ते पाहावे. डिस्ट्रिब्युटरच्या आत, हलणाऱ्या पट्टीला अर्थ देणारी एक बारीक वायर असते. ती बाहेरून अखंड दिसते, पण आतून तुटत आलेली असते आणि गाडीच्या थरथरीप्रमाणे जुळते-तुटते. असा दोष शोधायला दिवसचे दिवस जातात.

डिस्ट्रिब्युटरचा दांडा हाताने आडवा हलवून पाहावा. तो हलत असेल, तर पॉइंटची फट प्रत्येक फेरीला बदलते आणि ठिणगीची वेळ एका सिलिंडरला लवकर, तर दुसऱ्याला उशिरा येते. अशा डिस्ट्रिब्युटरवर नवे पॉइंट टाकून उपयोग नाही, दांड्याचे बुश बदलावे लागतात. नवा म्हणून बसवलेला कंडेन्सर निर्दोष असेलच, असेही समजू नये. दोष नवा सुटा भाग टाकल्यानंतर सुरू झाला असेल, तर जुना भाग परत लावून पाहणे शहाणपणाचे.

चोरवाटेने शिरणारी हवा

आता हवेची गळती. ती होण्याच्या जागा मोजक्याच आहेत. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यातील गॅस्केट, मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यातील गॅस्केट, ब्रेक सर्व्हो असल्यास त्याची नळी, इंजिनातील वाफ परत ओढणाऱ्या वॉल्व्हचा रबरी पडदा आणि थ्रॉटलच्या दांड्याचे झिजलेले बुश.

नळ्या एकेक करून दाबून धराव्यात. एखादी दाबताच आयडलिंग सुधारले, तर गळती त्या नळीच्या पुढे आहे. सांध्यांसाठी रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्यांवरून फिरवावे, म्हणजे फुसफुस ऐकू येते. सांध्यावर क्लीनरचा फवारा मारून आरपीएम बदलतो का, ते पाहण्याची पद्धत रूढ आहे. पण या इंजिनात कार्बोरेटर आणि तापलेला एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकमेकांच्या जवळ आहेत. ज्वालाग्राही फवारा तेथे आगीला निमंत्रण ठरू शकतो.

व्हॅक्युम गेज असेल तर काम सोपे होते. समुद्रसपाटीला चांगल्या इंजिनाचा काटा साधारण १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. उंचीप्रमाणे दर हजार फुटांना तो सुमारे एक इंच उतरतो. म्हणजे मुंबईत १९ दाखवणारे इंजिन पुण्यात १७ दाखवेल आणि तरीही ते निरोगी असेल. काटा स्थिर पण खाली असेल, तर गळती किंवा उशिरा येणारी ठिणगी. ठराविक अंतराने खाली झटका घेत असेल, तर एखादा वॉल्व्ह मिटत नाही.

आणि शेवटी कार्बोरेटर

एसयूची जन्मकथा गमतीची आहे. लंडनच्या स्किनर घराण्याचा व्यवसाय पादत्राणांचा. त्या घरातील जॉर्ज हर्बर्ट आणि थॉमस कार्लाईल या भावांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा कार्बोरेटर विकसित केला. 'स्किनर्स युनियन'ची आद्याक्षरे म्हणजे एसयू. सुरुवातीच्या रचनेत चक्क चामड्याचा भाता होता. पुढे त्याची जागा धातूच्या पिस्टनने घेतली. हवा जितकी जास्त, तितका पिस्टन वर जातो. त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून तितकीच वर सरकते आणि पेट्रोलची वाट मोठी होते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. इतर अनेक कार्बोरेटरमध्ये आयडलिंगसाठी वेगळा बारीक जेट असतो आणि तो कचऱ्याने बुजतो. एमजीबीच्या एसयूमध्ये असा वेगळा जेटच नाही. एकच जेट सर्व गतींना पुरतो. त्यामुळे 'आयडलिंगचा जेट साफ केला' असे कुणी सांगितले, तर त्याने नेमके काय साफ केले, हे विचारायला हरकत नाही.

तपासायचे ते असे. इंजिन बंद असताना वरचा डँपर काढून पिस्टन बोटाने उचलून सोडावा. तो अडखळल्याशिवाय खाली येऊन टक्क असा आवाज व्हायला हवा, दोन्ही बाजूंना सारखाच. चोक आत ढकलल्यावर दोन्ही जेट पूर्ण वर येतात का, ते पाहावे. केबल ताणलेली असेल, तर एक जेट खालीच राहतो आणि त्या बाजूचे दोन सिलिंडर पेट्रोलने गुदमरतात.

मग दोन्ही कार्बोरेटरची बरोबरी. दोन थ्रॉटलना जोडणाऱ्या दांड्याच्या पकडी सैल कराव्यात आणि रबरी नळीने दोन्हींच्या तोंडाशी हवेचा आवाज ऐकत, तो सारखा होईपर्यंत दोन्ही स्क्रू जुळवावेत. त्यानंतरच मिश्रण. चालू इंजिनात एका पिस्टनला जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलावे. गती वाढून तशीच राहिली, तर पेट्रोल जास्त. गती पडली किंवा इंजिन बंद होऊ लागले, तर कमी. क्षणभर किंचित वाढून पुन्हा स्थिरावली, तर मिश्रण योग्य. जेटची षटकोनी नटबोल्टासारखी चकती एका वेळी एकच बाजू फिरवावी. वर नेल्यास मिश्रण पातळ होते, खाली आणल्यास घट्ट.

आजच्या पेट्रोलमुळे या पायरीला नवा अर्थ आला आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागले. भारतात हे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे नऊ. त्यामुळे जुन्या सेटिंगवर २० टक्के इथेनॉल वापरल्यास मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडते, आणि आयडलिंग अडखळायला तेवढे पुरेसे असते. जुन्या बनावटीच्या रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉलने लवकर खराब होतात, हे वेगळेच. त्या बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात.

वहीतील आकडे

या साऱ्या तपासणीत दोन पथ्ये पाळावीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे गुण कशाने आला हे कळते. आणि प्रत्येक आकडा वहीत लिहावा. फीलर गेज, कॉम्प्रेशन गेज आणि हातभर रबरी नळी एवढी सामग्री त्याला पुरते. तिची किंमत कार्बोरेटरच्या नव्या जोडीपुढे काहीच नाही.

वहीचा खरा उपयोग पुढच्या वर्षी होतो. गेल्या वेळी ०.०१५ इंच ठेवलेली चौथ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट वॉल्व्हची फट यंदा ०.०१० भरली, तर तो वॉल्व्ह बैठकीत रुतू लागला आहे आणि हेडचे काम जवळ आले आहे, हे तो जळण्याआधी समजते. आयडलिंगचा आवाज तेव्हा कदाचित अजून बिघडलेलाही नसेल.